सोळा घरांतली आरती

मगदूमकाका कुठलंही यंत्र बंद करण्याआधी त्याच्यावर तळहात ठेवत. रेडिओ असो, टेबलफॅन असो, "बास आता, दमलास," असं पुटपुटत आणि मगच बटण दाबत.

सांगलीत आमच्या शेजारीच त्यांचं घर होतं. तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत नोकरी, लग्न केलेलं नाही. घरात ते आणि नवरा गेल्यावर माहेरी परतलेली थोरली बहीण, ताराक्का. मी इंग्रजी शाळेतली, अबोल. त्या घरात मला कुणी "बोल की गं" म्हणत नसे, म्हणून मी तिथे जाऊन दाराशी बसे.

मी कॉलेजात असताना काकांनी एक डबा बांधला. वर बटणांची रांग, आत तारांचं जंजाळ. "ही तालाची सोळा घरं," ते म्हणाले. "मानूस वाजवत जातो, डबा एकेक सूर उचलून जवळच्या घरात बसवतो. मग मानूस उठून गेला तरी डबा वाजवतोय." मोडक्या पेटीच्या पट्ट्यांना तारा जोडून वाजवायची सोय केली होती. वीज गेली की डबा सगळं विसरे, म्हणून शेजारी स्कूटरची बॅटरी जोडलेली.

"लग्नाच्या वयात डबं बांधत बसला," आक्का मला सांगत. "आता म्हातारपणी त्यो डबाच भाकरी घालंल ह्याला."

आक्का रोज जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, आरतीला पेटी वाजवायच्या. त्यांचा चौथा सूर नेहमी किंचित मागे राहायचा. भात्याचा हात तिथे दमायचा बहुतेक. सगळी बस्ती त्या सुरापाशी क्षणभर थांबायची आणि मग पुढे जायची.

मग त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. मिरजेच्या दवाखान्यात फेऱ्या सुरू झाल्या. एका दुपारी मिरजेहून परत आल्यावर काकांनी पट्ट्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

"आक्का, आरती वाजीव."

"कशाला? मी मेल्यावर ऐकायला?"

काकांनी पट्ट्यांची एक तार घट्ट केली. मग म्हणाले, "व्हय."

आक्का हसल्या. "मग नीट बसू दे मला."

त्यांनी वाजवलं. भाता नव्हताच, तरी डावा हात हवेत पुढेमागे हलत होता. काकांनी बटण दाबलं आणि डबा आरतीची ती ओळ पुन्हापुन्हा म्हणू लागला. आक्का थोडा वेळ ऐकत होत्या. "लय शिस्तीत वाजीवतोय रं," एवढंच म्हणाल्या.

त्या मिरजेतच गेल्या.

त्यानंतर शेजारून आरती ऐकू येत राहिली. सकाळी काका दात घासत असताना, संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. वीज गेली तरी ती चालूच असे. माझी आई खिडकी लावून घेई. मला पुढे साताऱ्यात नोकरी लागली, तरी सुट्टीत घरी आले की रिक्षातून उतरतानाच तो आवाज यायचा.

अशाच एका सुट्टीत मी गेले तेव्हा काका दाढी न करता डब्यापुढे बसले होते. हातात पेचकस.

"पोरी, आक्काचा चौथा सूर मागं राहायचा. किती मागं, सांग बघू."

मी आठवायचा प्रयत्न केला. डबा वाजतच होता. सरळ, मोजका, प्रत्येक सूर आपापल्या घरात.

"ह्यानं त्यो ढकलून घरात बसीवला," काका म्हणाले. "मलाच ठावं हुतं, डबा असंच करतोय म्हणून. आता त्यो मागं सरकवायची खटपट करतोय मी. पर किती, त्येच आठवंना झालंय. लय ऐकलं मी ह्याचं. डोळं मिटलं तरी ह्योच वाजतोय. तुझ्या कानात तरी हाय का गं?"

माझ्याही कानात नव्हतं. तसं सांगवेना. मी नुसती नाही अशी मान हलवली.

काकांनी बॅटरीची तार उपटली. मग भिंतीतला प्लग ओढला. डब्यावर हात ठेवला नाही, काही पुटपुटलेही नाहीत. खोलीत इतकी शांतता झाली की बाहेरच्या नळाचं पाणी ऐकू आलं.

त्यांनी कोपऱ्यातली आक्कांची पेटी पुढे ओढली. पहिले तीन सूर वाजवले. चौथ्या पट्टीवर बोट ठेवून थांबले. भाता हळूहळू मिटत गेला.

"आलं का आठवून?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. बोट तिथंच होतं. "पर चुकीचं तरी ऐकू येत न्हाई आता."