लेन्स पापडाच्या डब्यात

मी देवपुरात राहते आणि लग्नांचे फोटो काढते. मागच्या हिवाळ्यात साक्रीजवळच्या एका गावात, हळदीच्या आदल्या दिवशी, नवरानवरीचे शेतात फोटो काढत होते. हिरवागार गहू, कोवळं ऊन आणि माझ्या हातात नवीकोरी लेन्स.

"आता जरा एकमेकांकडे बघा," मी म्हणाले आणि नेमकी शेताला लाइट आली. मोटार आपोआप सुरू झाली. गव्हात उभे असलेले स्प्रिंकलर आधी फुसफुसले, मग गरगरा फिरायला लागले.

नवरीनं किंचाळून नवऱ्यालाच पुढे ढकललं. तो मोटार बंद करायला धावला आणि चिखलात फतकल मारून बसला. मी कॅमेरा ओढणीत गुंडाळून पोटाशी धरला, तरी पाण्यानं गाठलंच. बांधावर पोचेपर्यंत आम्ही तिघंही चिंब झालो होतो आणि हसून हसून कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

हसतच मी कॅमेरा बंद केला, बॅटरी काढली आणि पाणी आत उतरू नये म्हणून लेन्सचं तोंड खाली धरून नवरीच्या घरी गेले. दारातच तिची थोरली आत्या पदर सरसावून उभी. तिला सगळे अक्का म्हणत.

"आण, मी पुसी देस. पदर स्वच्छ शे!"

"नको अक्का, घासलं तर काचेवर ओरखडे पडतील!"

मी मऊ कापडानं थेंब नुसते टिपून घेतले. बोअरचं पाणी तसंच वाळलं की काचेवर पांढरे डाग राहतात. मग हलक्या हातानं, मधून कडेकडे गोल फिरवत काच पुसली. उजेडात धरली तर आतून धुकं! माझं हसू पळालं.

"तांदळात ठेवा, माझा मोबाइल तसाच वाचला," नवरा म्हणाला.

"आणि तांदळाचा भुगा आत गेला तर?"

"हेअर ड्रायर आणू?" नवरीनं विचारलं.

"गरम हवा नको. नव्या चपलांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या बारक्या पुड्या असतात ना, त्या पाहिजेत."

लग्नाचं घर, तिथे खोक्यांना काय तोटा!

"बठ्ठा खोका उघाडा!" अक्कानं हुकूम सोडला.

मग जे काही सुरू झालं! मावश्यांनी पर्सा उलट्या केल्या, काकांनी बूट झटकले, कुणी मानपानाच्या चपला काढल्या. ओटीवर नुसता चपलांचा बाजार. अक्कानं पापडाचा घट्ट झाकणाचा डबा रिकामा करून पुसून दिला. पुड्यांच्या गादीवर लेन्स निजवली. डब्यातून काढलेले पापड तळून आम्ही तिथेच खाल्ले.

सकाळी डबा उघडताना माझ्याभोवती सगळं घर जमलं होतं. लेन्स खिडकीकडे धरली. काच लख्ख! मी ओरडले, नवरी ओरडली, अक्कानं तर माझ्या कमरेला धरून मला एक गिरकीच घ्यायला लावली.

हळदीला मात्र मी शहाणी झाले. साडीच्या प्लॅस्टिक पिशवीला भोक पाडून ती कॅमेऱ्यावर चढवली, लेन्सभोवती रबर बांधलं आणि लेन्सवर पाणी येऊ नये म्हणून पुढे एक साधी काच लावली. ते पाहून बायकांना आणखीच चेव आला. हंडाभर हळदीचं पाणी माझ्या डोक्यावर आलं. केसांतून पिवळे ओघळ गळत होते आणि मी खिदळत, डोळे मिचकावत फोटो काढतच राहिले.