मातीचा खांब

डोमाजी मुकादमाचं काम नेटकं. पंचावन्न साली हिंगणीजवळ तलाव खोदताना त्यानं प्रत्येक टोळीला तिचा तुकडा आखून दिला आणि मधोमध मातीचा एक खांब न खोदता ठेवायला लावला. माथ्यावर मूळ जमिनीचं गवत तसंच. खांब जेवढा उंच, तेवढं खोदकाम. मापावरून भांडण नाही.

कडेची भुसभुशीत जागा मात्र कोणी घेईना. मुकादमावर बोट नको, म्हणून त्यानं तिथं आपल्याच बायकोची, भागरताची टोळी लावली.

"मलेच काऊन?" तिनं विचारलं.

"दुसऱ्याच्या बायकोले कसं सांगू?"

त्याच आठवड्यात दरड कोसळली. भागरता मातीखालून जिवंत निघाली नाही. काय जाळायचा असला न्याय?

मापं झाल्यावर सगळे खांब पाडले गेले. तिच्या तुकड्यातला डोमाजीनं पाडू दिला नाही.

पावसात तलाव भरू लागला. खांबावरचं वाळकं गवत हिरवं झालं. डोमाजी रोज काठावर बसून बघायचा. एका सकाळी खांब विरघळला होता आणि गवताचा पुंजका तरंगत काठाला लागला होता. त्यानं तो उचलला. सगळ्यांना जागा नेमून देणाऱ्या त्या माणसाला तो कुठं ठेवावा ते कळेना.