खिरापतीच्या डब्यातली पुस्तकं

मुलांना पुस्तक कसं सुचवावं, हे मला बी.एड.ला रीतसर शिकवलेलं होतं. पुस्तकाचं नाव सांगावं, विषय सांगावा, त्यातून काय बोध मिळतो ते सांगावं, की मुलं वाचतात. हे शिकवणाऱ्यांनी सहावीचा वर्ग कधी दुरून तरी पाहिला होता का, अशी मला आजही शंका आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. इतवारीच्या बाजारपेठेला लागून असलेल्या मुलींच्या एका शाळेत मी मराठी शिकवत होते. नोकरी नवी, वय कमी आणि जीभ तिखट. शाळेच्या वाचनालयात एकच कपाट होतं आणि त्यात थोरांची चरित्रं, म्हणींचे संग्रह आणि निबंधांची पुस्तकं खच्चून भरलेली. अकरा-बारा वर्षांची मुलगी पऱ्यांना कंटाळलेली असते आणि मोठ्यांच्या कादंबरीला तिला कुणी हात लावू देत नाही. मधल्या मधे ती बिचारी उपाशी. याचा मला राग यायचा, आणि राग आला की मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत जायचे.

त्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. मी त्यांचं डोकं इतकं खाल्लं की शेवटी त्यांनी इतवारीतल्या एका पुस्तकवाल्याला बोलावलं. त्याने मुलांसाठी निघालेल्या नव्याकोऱ्या कादंबऱ्यांचं एक पोतं आणून टाकलं, पण जांगडीवर. बाजारात लुगडी देतात तशीच पद्धत: माल घरी न्या, चार जणांना दाखवा, पसंत पडला तर ठेवा, नाहीतर जसाच्या तसा परत करा. मुदत दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. मोठ्या बाईंची अट सोपी होती. मुलींनी आपणहून मागितली तर पुस्तकं राहतील, नाहीतर पोतं परत जाईल आणि त्या जागी परीक्षेची गाइडं येतील.

"आणि हो, पानाला बोट लागलेलं मला चालणार नाही," त्या म्हणाल्या. "डाग पडला तर तो माल परत घेत नाही."

म्हणजे पुस्तक मुलींच्या हाती द्यायचं नाही, तरी मुलींनी ते मागायचं. न जेवता ढेकर द्या म्हणण्यातलाच प्रकार. मी मात्र हट्टाला पेटले. पोत्यातली सगळी पुस्तकं हात धुऊन, अर्धवट उघडून, मान वाकडी करून वाचून काढली. सुरेख होती. मग बी.एड.ला शिकवलं होतं तसं फळ्यावर छान अक्षरात त्यांची नावं लिहिली आणि प्रत्येकासमोर 'मनोरंजक व उद्बोधक' असं लिहून वर्गाकडे वळले. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, हे परीक्षेले येते का?" मी नाही म्हटल्यावर अख्ख्या वर्गाने सुटकेचा निःश्वास सोडला. एकीनेही पुस्तक मागितलं नाही. आठवडा असाच गेला. मला गाइडांचे गठ्ठे डोळ्यांसमोर दिसायला लागले.

ते दिवस भुलाबाईचे होते. संध्याकाळी आमच्या गल्लीत पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरायच्या. गाणी झाली की खिरापत, पण ती सरळ हातावर मिळत नाही. घरच्या बाईने बंद डबा नुसता हलवून दाखवायचा आणि पोरींनी आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. गोड का तिखट, ओलं का कोरडं, असे प्रश्न विचारत विचारत. आमच्या घरी आल्या तेव्हा मी लबाडी केली होती. संत्र्याची बर्फी डब्यात इतकी घट्ट बसवली होती की डबा वाजतच नव्हता.

त्या घोळक्यात माझ्या सहावीतली एक मुलगी होती. धड्याबाहेरचं एक अक्षर वाचेल तर शपथ. तिने डब्याला कान लावला, झाकणाचा वास घेतला, मला भंडावून सोडलं. बाकीच्या कंटाळून पुढच्या घरी चला म्हणायला लागल्या, तर ही उंबऱ्यावर बसकण मारून म्हणाली, "काय आहे ते समजल्याशिवाय मी इथून हालत नाही."

मी डबा हातात घेऊन तिच्याकडे बघतच राहिले. इतके दिवस मी मूर्खासारखी डबा उघडून, आतली बर्फी किती पौष्टिक आहे ते समजावत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी एका कादंबरीला वर्तमानपत्राचं वेष्टण घातलं. नाव सांगितलं नाही, विषय सांगितला नाही, बोध तर नाहीच नाही. फक्त एक पान वाचलं. रेल्वे फाटकावरच्या गेटमनची मुलगी एकटी आहे, बाजूच्या रुळावर एक मालगाडी उभी आहे, आणि कुलूप लावलेल्या डब्यातून कुणीतरी आतून ठोकतं. इथे मी पुस्तक मिटलं आणि पिशवीत टाकलं.

वर्गात एकच कल्ला. पुढे काय, म्हणून सगळ्या मागे लागल्या. मी म्हटलं, ओळखा. चोर, भूत, बकऱ्या, पळवलेलं पोर, काय काय निघालं. माझ्या उंबऱ्यावरच्या मुलीने सगळ्यांत शेवटी असं काही सांगितलं की वर्ग खो-खो हसला. मी मोठ्या कष्टाने चेहरा कोरा ठेवला. उत्तर पुस्तकात आहे आणि पुस्तक तास संपला की मोठ्या बाईंच्या कपाटात जाईल, एवढंच सांगितलं. मग रोज एक नवं पुस्तक, रोज एकच पान.

मोठ्या बाईंच्या दाराशी रांग लागायला लागली. त्यांनी मला बोलावून घेतलं. मीच पोरींना पढवून पाठवते, असा त्यांचा संशय होता. असं मागणं आपण मोजणार नाही, म्हणाल्या. मी चडफडत उभी होते, तेवढ्यात दारात एक बाई आल्या. त्याच उंबऱ्यावरच्या मुलीची आई. भांड्यांच्या दुकानातून तशाच उठून आल्या होत्या. पोरगी नापास झाल्याशिवाय आई शाळेत यायची नाही असा तो काळ, त्यामुळे मोठ्या बाई जरा सावरून बसल्या.

"मोठ्या बाई, त्या मालगाडीत कोन हाय, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या. "पोरगी धड जेवत नाही, तिचा बाप गिऱ्हाइकाले विचारून राहिला, अन् मले बी आता चैन पडून नाही राहिलं."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही. खिरापत काय अशी सांगतात? त्या माउलीला ते एकदम पटलं. मोठ्या बाईंनी ते पुस्तक तपासायचं म्हणून घरी नेलं.

सकाळी त्या प्रार्थनेला उशिरा आल्या. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मला खोलीत बोलावून त्यांनी पुस्तक समोर ठेवलं. ज्या पानावर मालगाडीचा डबा उघडतो, त्या पानावर हळदीच्या अंगठ्याचा पिवळाधमक ठसा होता. मोठ्या बाईंनी फोडणी टाकता टाकता वाचलं होतं. इतका सुंदर डाग मी जन्मात पाहिला नव्हता.

"हे काही आता परत जात नाही," मी म्हटलं.

"दिसतंय मला," त्या म्हणाल्या, आणि मग हसल्याच.

दिवाळीच्या सुट्टीआधी पुस्तकवाला आला आणि परत काय न्यायचं ते विचारू लागला. मोठ्या बाईंनी ते रिकामं पोतं नीट घडी घालून त्याच्या हातात दिलं. "एकावर मी डाग पाडला, बाकीच्यांवर पोरी पाडतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही आपलं पोतं तेवढं न्या." मला तिथेच फुगडी घालावीशी वाटली.

हळदीच्या ठशाचं पुस्तक मी सर्वांत आधी त्या मुलीला दिलं. ते तिने रात्रीतच संपवलं असावं, कारण सकाळी शाळा उघडायच्या आत ती फाटकाशी उभी होती.

"बाई, मीच बरोबर ओळखलं होतं," ती म्हणाली, आणि पुढच्या पुस्तकासाठी हात पुढे केला.