तोच डबा

शिंपीभाऊंनी जेवणाचा डबा ठेवला तो नेमका रेडिओच्या माइकवर. दुसरी जागा नव्हती असं नाही. पण हातात टेप, ओठांत टाचण्या आणि तरीही तोंड चालू, अशा वेळी माणूस कशावर काय ठेवतोय ते बघत नाही. मित्राची नाव धक्क्याला बांधलेली होती आणि तिच्या केबिनमध्ये ते गाद्यांच्या खोळींचं माप घ्यायला गेले होते.

माइकच्या कडेचं बटण दाबलं की आपला आवाज जातो, सोडलं की दुसऱ्याचा येतो. डबा आणि फळी यांच्यात माइक चेपला गेला आणि बटण दाबलेलंच राहिलं. सेट होता सोळा नंबरवर. सोळा म्हणजे हाक मारायचा आणि संकटात ओरडायचा नंबर. तिथे हाक मारून गप्पांना बहात्तरवर जायचं, हा नियम. भाऊंनी त्या दुपारी सोळावरच बैठक मारली.

"आज रेडिओ अगदीच गप्प आहे रे," मित्र म्हणाला. बटण दाबलेलं असताना सेटला ऐकू येत नाही, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

"ताईला घाबरून गप्प बसले असतील सगळे!"

ताई म्हणजे भाऊंची थोरली बहीण. धक्क्याच्या टोकाला, जिना चढून वरच्या खोलीत, सत्तावीस वर्षं ती बंदराचा रेडिओ सांभाळत होती. खिडकीत दुर्बीण, टेबलावर नोंदवही, भिंतीवर तिच्याच ठसठशीत अक्षरात पाटी: 'आधी ऐका.' सकाळी नाववाले विचारायचे, "ताई, आवाज येतोय का?" ती म्हणायची, "येतोय. माइक गिळू नका." एकाने मुलगी झाल्याची बातमी सोळावर दिली, तर ताईने अभिनंदन करायलासुद्धा त्याला आधी बहात्तरवर नेलं. तिचा गाजलेला रिवाज मात्र सोमवारचा. सकाळी सातला धक्क्यावर नाववाल्यांची शाळा भरायची आणि आठवड्यात ज्याची चूक झाली असेल त्याने ती सगळ्यांपुढे स्वतः करून दाखवायची. एकदा तर बंदराचे साहेब उलटं लाइफ जॅकेट घालून अर्धा तास उभे होते.

"घरात मी मेलो मेलो म्हणून ओरडलो ना," भाऊ रंगात येऊन सांगत होते, "तरी ही विचारेल, कुठे आहेस? किती जण आहात?"

सगळं बंदर ऐकत होतं. मग भाऊंचा मोबाइल वाजला, तोही बंदराने ऐकला. "ताई!" असं म्हणून त्यांनी फोन कापला. "जेवलास का, एवढंच विचारायचं असेल." पुन्हा वाजला. पुन्हा कापला.

तिसऱ्यांदा फोन आला नाही, ताईच आली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, दुखरा गुडघा घेऊन, अख्खा धक्का धावत. केबिनमध्ये शिरली आणि तिने आधी डबा उचलला.

सेटमधून आवाज फुटला, "मेडे, मेडे... अरे, कुणी ऐकतंय का? पाणी कमरेपर्यंत आलंय!"

जाळी विणणारे काका. एकोणीस मिनिटं ते ओरडत होते आणि त्यांच्या हाकेवर भाऊंच्या गप्पा बसल्या होत्या.

"ऐकतेय, काका," धाप गिळून ताई म्हणाली. "कुठे आहात? किती जण आहात?"

काका वाचले; जवळच्या नावेने त्यांना ओढून घेतलं. त्यांची नाव मात्र बुडाली. "पंप आधी पोचला असता तर नाव तरली असती," असं धक्क्यावर कुणीतरी हळूच म्हणालं. भाऊंना ऐकू जाईल इतकंच हळू.

त्या आठवड्यात भाऊंनी एका शर्टाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. शेवटी मन घट्ट करून ते काकांकडे गेले. काकांनी सरकून जागा दिली, चहा पुढे केला आणि विचारलं, "डबा तरी जेवलास का रे?" पोटभर शिव्या खायला गेलेला माणूस चहा पिऊन परत आला, आणि तो चहा काही केल्या पचेना.

रविवारी संध्याकाळी भाऊ रेडिओच्या खोलीचा जिना चढले. ताई नोंदवही लिहीत होती.

"ताई, माझ्यामुळे काकांची नाव गेली. तू फोन केलास, तोही मी कापला, एकदा नाही, दोनदा. काका काही बोलत नाहीत, तूही बोलत नाहीस. निदान रागव तरी! मला झोप नाही गं. मी काय करू, सांग ना."

ताईने ओळ पुरी केली, पेनाला टोपण लावलं आणि भाऊंचं बोलणं खरंच संपलंय ना, याची खात्री होईपर्यंत थांबली.

"उद्या सातला धक्क्यावर ये, आणि येताना तोच डबा आण."