सात वेळा पोचलेला टँकर

त्या वर्षीच्या दुष्काळात लातूरकडचे कावळे पाणी प्यायला थेट पुण्याला जायचे आणि येताना घरच्यांसाठी चोचीत थोडं घेऊन यायचे. हे मी स्वतः पाहिलंय. ज्यांना खोटं वाटत असेल त्यांनी कावळ्यांना विचारावं.

तेव्हा आम्ही तिघं लातुरात एका गाळ्यात बसून टँकरचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. ड्रायव्हरनं गावात पाणी ओतलं की मोबाईलवरचं ‘पोचलो’ हे हिरवं बटण दाबायचं. निरोप आमच्याकडे आला की त्या गावाची पुढची खेप आपोआप ठरायची. बटण माझं होतं. गावात नेटवर्क नसलं तर निरोप फोनमध्ये दबा धरून बसेल आणि नेटवर्क आलं की सुटेल, ही करामतही माझीच. एकही दाब वाया जाणार नाही, असं मी छाती फुगवून सांगायचो. शर्टाची दोन बटणं त्यातच गेली.

पहिल्याच आठवड्यात खेपांच्या यादीत सगळ्यात वर माझी सासुरवाडी! शिरूर अनंतपाळच्या पुढं, खोलगट जागेत बसलेलं ते गाव. तिथं फोन लागणं म्हणजे लॉटरीच. त्या गावाला एका दिवसात सात टँकर! मी गाळ्यात सगळ्यांना चहा पाजला.

त्यानंतर चौथ्या दिवशी मेहुणीच्या हळदीला मी आणि बायको गावात पोचलो. सासूला मी मामी म्हणतो. मांडवात शिरता शिरता मी आवाज दिला, “काय मामी, सात टँकर! लोकं हौदात पोहून राहिली असतील ना?”

मामींनी पाय धुवायचा तांब्या माझ्या हातात दिला. मी तो उपडा केला. एक थेंब काठापर्यंत आला, त्यानं विचार केला आणि परत आत गेला.

“जावईबापू, चार दिस झाले, टँकरचं तोंड बगितलं न्हाई. उद्या लग्न हाय. दोनशे माणूस येनार. त्येंला काय हळद पाजू का?”

“पण सात आले ना, मामी?”

“त्या दिशी एक आला. बाकीचे सा तुमच्या लातुरातच जिरले आसतील.”

मांडवाच्या खांबाला टेकलेले सासरे म्हणाले, “आपला नवा जिल्हा होऊ द्या. उदगीरला कचेरी आली की दारात पानी बगा.” हे ते माझ्या लग्नातही म्हणाले होते.

“मंग लग्न तवर थांबवू का?” मामी म्हणाल्या. सासरे खांबामागं सरकले.

त्या साली लग्नाची पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी टँकरच्या ड्रायव्हरला जायची. त्यामुळं ड्रायव्हर हळदीला हजर होता, पण मोटरसायकलवर. मी त्याला धरला.

“साहेब, मी एकच खेप आनली,” तो म्हणाला. “बटन दाबलं, तर फोनात नुसतं चाक फिरून राहिलं. मला वाटलं लागलं न्हाई. म्हनून परत दाबलं. परत दाबलं.”

“किती वेळा?”

“सात डाव. मग कटाळलो.”

झालं काय ते मी मामींना सांगितलं: गाडी चढावर गेली, नेटवर्क आलं आणि दबा धरून बसलेले सातही निरोप एका दमात सुटले. माझ्या हुशार प्रोग्रामनं हिशेब केला: रोजची एक खेप, आठवड्याच्या सात, गावाची आठवड्याची सोय झाली. पुढचा टँकर तीन दिवसांनी, म्हणजे वऱ्हाड तहानेनं माघारी गेल्यावर.

“एवढं शिकून सातात न् एकात फरक कळत न्हाई?” मामींनी मला ओढत हौदावर नेलं. तिथं घागरींची रांग होती आणि प्रत्येकीवर रंगाची खूण: कुणाचा निळा ठिपका, कुणाची तांबडी रेघ. “हितं एकेक बाई सात डाव वरडती. पन खूण बगायची. या खुणेची भरली का? भरली. मंग वरड किती बी.”

मी त्या ठिपक्याकडं बघत राहिलो. जे मोठमोठ्या कंपन्यांत फळ्यावर चौकोन काढून शिकवतात, ते इथं घागरीवर रंगवलेलं होतं.

गावात नेटवर्क फक्त कोरड्या जलकुंभाच्या माथ्यावर. भर दुपारी लॅपटॉप पाठीला बांधून मी वर चढलो, मागून ड्रायव्हर. ऊन असं की खालून एका बाईनं विचारलं, वरच हायसा तर पापड वाळत टाकता का? उपाय घागरीचाच: टँकर भरून निघतानाच खेपेला नंबर द्यायचा. त्या नंबराचा ‘पोचलो’ एकदाच धरायचा, बाकीचे सोडून द्यायचे. लिहिलं. सहा खोट्या खेपा पुसल्या. ड्रायव्हरच्या फोनमध्ये नवं बटण घातलं. चार वेळा नेटवर्क गेलं आणि चार वेळा मी लॅपटॉप डोक्यावर धरून उभा राहिलो. पाचव्यांदा पडद्यावर आलं: उद्या सकाळी, एक टँकर.

लग्नाच्या दिवशी सकाळी टँकर धुरळा उडवत आला. मामी कमरेवर हात ठेवून उभ्या. पाणी ओतून झाल्यावर ड्रायव्हरनं बटण दाबलं, माझ्याकडं संशयानं पाहिलं आणि अकरा वेळा दाबलं. मग कुणाची तरी मोटरसायकल घेऊन चढावर जाऊन आला आणि मामींपुढं फोन धरला.

“किती?”

“एक, मामी,” मी वाचून सांगितलं.

मामींनी चुलीवर अंघोळीचं पाणी चढवलं. आधी नवरी, मग पाव्हणे, शेवटी जावई. माझ्या घागरीवर हळदीचा ठिपका होता. अंगाला साबण लावेपर्यंत ती रिकामी झाली. मी न्हाणीतून हाक मारली, “मामी, अजून एक!” पुन्हा मारली. सातव्या हाकेला मामींचा आवाज आला.

“ठिपक्याची भरली, जावईबापू. वरडा किती बी.”

मेहुणीच्या लग्नातल्या सगळ्या फोटोंत माझा डावा कान पांढरा आहे.