मशीनमामा डॉट रिपेअर

माझे मामा शिलाई मशीन दुरुस्त करतात. चाळीस वर्षं तेच करतायत. दुसरं त्यांना काही येत नाही, असं मामी म्हणते. ते काही खरं नाही, हट्टही त्यांना उत्तम येतो. गल्लीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. लहानथोर सगळ्यांचे ते मशीनमामा.

कोपऱ्यावरचं दुकान सोडावं लागलं, तेव्हा मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांनी एक खोली घेतली. करार एक वर्षाचा. वर्षभरात पुरेसं काम आलं नाही तर हत्यारं विकून घरी बसेन, असा शब्द मामीने त्यांच्याकडून घेतला. शब्द देताना हसले, पण त्यांचा चेहरा मला पाहवला नाही. दुकानाच्या काचेतून मशीन दिसायचं, म्हणून लोक आत यायचे. आता दोन जिने चढून कोण येणार?

वेबसाइट काढू या, असं मी म्हणाले. पुढच्या सगळ्या पापाची धनीण मीच. मशीनमामा डॉट कॉम हे नाव कुणीतरी आधीच अडवून ठेवलं होतं आणि सोडायला अव्वाच्या सव्वा पैसे मागत होतं. म्हणून मी शेवटी 'डॉट रिपेअर' असलेला पत्ता घेतला. मामा एकदम खूश. आपण काय करतो ते पत्त्यातच लिहिलंय, याहून सोपं काय असणार, असं त्यांचं म्हणणं.

लोकांना मात्र ते सोपं वाटेना. औषधवाल्याने पत्ता वाचून विचारलं, की पुढचं छापायचं राहिलं का? शेजारच्या शिंपिणीला तिच्या मुलाने बजावलं, असलं काही उघडलंस तर खातं रिकामं होईल. एका कार्यालयाच्या फॉर्मने तर मामांचा 'डॉट रिपेअर'वाला ईमेल घ्यायलाच नकार दिला. कळस केला तो पेंटरने. जिन्याखाली लावायचा बोर्ड त्याने सुबक रंगवला आणि आपल्या मनाने, एक पैसा जास्त न घेता, शेवटी 'डॉट कॉम' जोडून दिलं. लोक म्हणतील पेंटरने अर्धंच लिहिलं, ही त्याला काळजी. तीन आठवडे बोर्ड पाहून पत्ता टाकणारा प्रत्येक माणूस भलतीकडेच जात होता, आणि आम्ही खोलीत माशा मारत बसलो होतो. मी कपाळाला हात लावला. मामांनी पेंटरला चहा पाजला. मला त्या चहाचाही राग आला.

आमचं खरं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. मामांची एक वही आहे. पुढून दुरुस्त झालेल्या मशीनची नोंद, आणि उलटी करून मागून न जमलेल्यांची. मशीनचा मॉडेल नंबर, काय बिघडलं होतं, आपण कुठे अडलो, सगळं. दोन्ही बाजू वेबसाइटवर टाक, असं मामा म्हणाले. मी समजावून थकले. आधीच लोक पत्त्याला बिचकतायत, त्यात आपणच आपली नापासाची यादी लावायची? मामा शांतपणे म्हणाले, "मशीन उघडण्याआधी मी गिऱ्हाइकाला हेच सांगतो. तिथे का नको?" मी हात टेकले आणि चिडून न जमलेल्या चौदाच्या चौदा नोंदीही टाकल्या.

त्यातली नववी नोंद एका निवृत्त नर्सबाईंच्या हिरव्या मशीनची होती. आतलं एक दातेरी चाक झिजलं होतं आणि तसं चाक आता कुठेही बनत नव्हतं. ते मशीन खोलीतच पडून होतं. नर्सबाई ते परत नेत नव्हत्या आणि मामा टाकून देत नव्हते.

अकरावा महिना लागला. मामांनी हत्यारं पुसून ओळीने मांडायला सुरुवात केली. विकायची हत्यारं माणूस अशी पुसतो, हे मला तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात एक उंच बाई धापा टाकत वर आल्या. युनिफॉर्म शिवण्याचा त्यांचा कारखाना होता. जुन्या सामानात पडलेलं एक मशीन भंगारात काढायचं, म्हणून त्यांनी त्याचा मॉडेल नंबर इंटरनेटवर शोधला, आणि समोर आली ती आमची नववी नोंद. त्या मशीनमधलं, फडक्यात गुंडाळलेलं चाक त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. तेच, अगदी नवं असल्यासारखं.

मला राहवलं नाही. एवढ्या विचित्र पत्त्यावर विश्वास कसा ठेवलात, असं मी विचारलं.

"नव्हताच ठेवला," त्या म्हणाल्या. "असला पत्ता दिसला की मी बंदच करते. पण फसवणारा माणूस, आपल्याला काय जमलं नाही, ते कशाला लिहीत बसेल?"

मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेवढा मोठेपणा त्यांच्यात आहे. चाक बसवायला त्यांना दीड तास लागला. बाई स्टुलावर बसून पाहत राहिल्या. हिरवं मशीन चाललं तेव्हा मामांचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून दोन मशीन आली, महिनाअखेर चौतीस मशीनच्या देखभालीचं काम. नर्सबाईंनी तर दिसेल त्याला पत्ता सांगायचा सपाटा लावला. खोलीचा करार मामा स्वतः जाऊन वाढवून आले, आणि एक नाही, तीन वर्षांसाठी.

त्या कार्यालयाचा फॉर्म मामांचा ईमेल अजूनही घेत नाही. चालायचंच.

परवा मी गेले तेव्हा मामा मशीनखाली डोकं घालून बसले होते आणि त्यांना घरी बसवायला निघालेली मामी कानाला फोन लावून कुणाला तरी पत्ता सांगत होती. पलीकडचा माणूस पुढच्या अक्षरांसाठी थांबला असावा.

"नाही हो, पुढे काही नाही," मामी ठसक्यात म्हणाली. "रिपेअर. एवढंच करतात ते."