जागा क्रमांक नऊ

आजवर मला बसलेले सगळे धक्के एका पारड्यात घातले आणि शेजारच्या आप्पांनी दिलेले दुसऱ्या पारड्यात, तर आप्पांचं पारडं जमिनीला टेकेल आणि पहिलं वर लोंबकळत राहील. मी मुळात धक्के सोसणारा माणूस नाही. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. तिथं कुणी पुस्तक वेळेवर परत आणलं तरी आम्ही दिवसभर चकित असायचो. अशा माणसाच्या भिंतीला भिंत लावून नियतीने जमीन मोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेला एक गृहस्थ आणून ठेवला. लोणखेड्यात आमची घरं शेजारी शेजारी, दोघांच्याही मागे परस आणि मध्ये छातीएवढी भिंत. त्या भिंतीवरून मी जे पाहिलं ते सांगितलं तर शहाद्यातली माणसंसुद्धा विश्वास ठेवत नाहीत, आणि शहादा इथून हाकेच्या अंतरावर आहे.

आप्पांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं होतं. नोकरीत असताना त्यांनी ते तसं घडवलं होतं आणि निवृत्तीनंतर त्यांना ते सोडता आलं नाही. ते देवळात गेले तरी पायऱ्यांपासून गाभाऱ्यापर्यंत ओठ हलायचे; लोकांना वाटायचं, नामस्मरण चाललंय. त्यांच्या भाषाही दोन होत्या. एरवी अहिराणी, पण हातात टेप आला की कचेरीतली मराठी. "सर, चहा पीसात का?" असं विचारणारा माणूस टेपचं टोक हातात येताच "सदर झाडाची सावली दक्षिणेस सरकलेली आढळते" असं बोलू लागायचा. इथं राहायला आल्यावर दोन महिन्यांतच एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले, पडलेल्या चेहऱ्याने. मला वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं. ते म्हणाले, "सर, आपल्या मालकीची नऊ इंच जागा माझ्या ताब्यात असल्याचे आज दिसून आले." भिंत बांधणाऱ्याने ती माझ्या बाजूला सरकवली होती, आणि आप्पांना त्या नऊ इंचांनी झोप लागत नव्हती. ते भिंत पाडून परत बांधायला निघाले. मी हात जोडले. शेवटी तडजोड अशी झाली, की भिंतीलगतची त्यांच्या परसातली नऊ इंचांची पट्टी माझी समजायची. त्या पट्टीत गोडलिंबाचं झाड होतं; म्हणजे तेही माझं. तेव्हापासून फोडणी टाकायच्या आधी त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, भिंतीवरून हाक मारू लागल्या, "सर, दोन पानं तोडू का?" माझी बायको तेव्हा होती. ती ओट्यापाशी उभी राहून तोंडाला पदर लावून हसायची आणि मला खुणेने सांगायची, नाही म्हणा, नाही म्हणा.

ती गेली त्या वर्षीचा वैशाख फार कडक होता. आमच्याकडे माणूस गेला की गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे सुतक फिटेपर्यंत, लोक दारावर येतात. बोलायचं फारसं नसतं. सतरंजीवर बसायचं, पाणी घ्यायचं, थोडा वेळ जमिनीकडे बघायचं आणि उठायचं. पण माझ्या दाराला अंगणच नाही. दार उघडलं की गल्ली, आणि मागच्या परसाला बाहेरून वाट नाही. माणसं उन्हात उभी राहिली. रनाळ्याहून आलेली माझी थोरली आत्या चक्कर येऊन बसली, तिला रिक्षात घालून न्यावं लागलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर आप्पा त्या उभ्या माणसांमधून पावलं टाकत होते. ओठ हलत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. ते मोजत होते. माझ्या घरात ही वेळ, आणि हा माणूस गल्ली मोजतो आहे! मला इतका धक्का बसला, की रडू यायचं थांबलं. मी कुणाला काही बोललो नाही. बोलण्याची मला सवय नाही. पण त्या दिवसापासून आप्पांविषयी माझ्या मनात एक खडा बसला, आणि नंतर त्यांच्या कुठल्याही विनोदावर मी पूर्ण हसलो नाही.

त्याच दिवाळीनंतर त्यांनी परस आखायला घेतलं. चाळीस बाय तीस फुटांची साधी जमीन, एक निंब, एक पेरू, एक न्हाणी. सामान्य माणसाने तिथं एक बाज टाकली असती आणि त्या एका बाजेवर चहा, पेपर, झोप, भांडण सगळं उरकलं असतं. आप्पांना ही अंदाधुंदी वाटे. त्यांनी फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या, कोपऱ्यांवर गेरूने रंगवलेले दगड रोवले आणि परसाचे नऊ भाग केले. चहाची जागा पेरूखाली, पेपरची जागा तिच्यापासून चार पावलांवर. चहा पेपरच्या जागेत न्यायचा नाही, पेपर चहाच्या जागेत आणायचा नाही. मी पहिल्या दिवशी कप हातात घेऊन चुकीच्या दगडावर टेकलो, तर ते घाईघाईने आले. "आठे नका बठू सर, ही पेपरनी जागा शे. चहानी तठे." मी म्हटलं, "आप्पा, काय फरक पडतो?" ते माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले, की जणू मी ग्रंथालयात भजी तळायला बसलो होतो.

बसणाऱ्या पाहुण्यांची जागा वेगळी आणि उभ्या उभ्या आलेल्यांची वेगळी. पण सगळ्यांत दूर, न्हाणीच्याही पलीकडे, होती भांडणाची जागा. स्वयंपाकघरापासून तिथपर्यंत वीस पावलं. तेवढं चालताना निम्मा राग ओसरतो, हा त्यांचा हिशोब. प्रत्यक्षात व्हायचं असं, की वहिनी चुलीपाशीच सुरू व्हायच्या आणि आप्पा मुकाट्याने वीस पावलं चालत जाऊन, दगडापाशी उभे राहून हाक मारायचे, "या, आता बोला!" वहिनी येत नसत. त्यामुळे त्या घरातली प्रत्येक लढाई प्रतिपक्षाच्या गैरहजेरीत वहिनींनी जिंकली. जावई सुरतेहून आले, तेव्हा तर कमाल झाली. भरितासाठी वांगी भाजायची एक जागा होती. तिथं कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी टाकलेली, शेजारी जेवणाची पंगत बसणार, आणि जावई पलीकडच्या झोपेच्या जागेत आडवे झालेले. माणूस उंच. आप्पा टेप घेऊन वाकले आणि मापून झाल्यावर त्यांना हलवून म्हणाले, "जावईबापू, आपले पाय सव्वा फूट जेवणाच्या हद्दीत आलेले आहेत." जावई दचकून उठले आणि नंतर दोन दिवस पाय पोटाशी घेऊनच झोपले. फक्त धूर आप्पांचं ऐकत नसे. तो सगळ्या रेघा ओलांडून थेट पाहुण्यांच्या डोळ्यांत जायचा. त्यापायी त्यांनी चुलीचा दगड तीनदा हलवला आणि चौथ्यांदा वाऱ्याकडे बघून हात टेकले.

पण या सगळ्याहून मोठा तंटा नवव्या जागेचा होता. घराच्या सावलीतली, निंबालगतची, परसातली सर्वांत मोठी आणि सपाट जागा. आप्पांनी ती धुमसून, सारवून आरशासारखी केली, गल्लीतून थेट तिथं येता यावं म्हणून कुंपणाला फाटक बसवलं आणि नकाशात तिथं नुसता नऊचा आकडा टाकून नाव लिहिलंच नाही. तिथं काही ठेवायचं नाही, कुणी बसायचं नाही. सकाळी सावली असायची. अकरानंतर तिथं लख्ख ऊन पडायचं, आणि नेमकं तेच ऊन वहिनींना हवं होतं. दर वर्षी त्या नंदुरबारहून लाल मिरचीची गोणी आणत आणि वर्षाचं तिखट घरी करत. त्या मिरचीसाठी आप्पांनी त्यांना न्हाणीच्या कडेची तीन फुटी पट्टी दिली होती. "सर, तुमीच सांगा त्यासले," वहिनी भिंतीवरून म्हणायच्या, "इतली मोठी जागा मोकळी पडेल शे. मन्ह्या मिरच्या मी काय डोकावर पसरू?"

मी आप्पांना विचारलं, "ही जागा कशासाठी आहे?"

"वेळ उनी का समजी," ते म्हणाले.

"वेळ येईल तेव्हा येईल, पण तोवर मिरच्या?"

हातात टेप नव्हता, तरी ते कचेरीच्या मराठीत गेले. "सदर जागा राखीव आहे."

तीन हिवाळे हा वाद चालला. एकदा वहिनींनी ते बाजारात गेलेले पाहून तिथं मिरच्या पसरल्याही. आप्पा परत आले. खाली बसून एकेक मिरची देठाला धरून टोपलीत भरू लागले, दुपारभर. शेवटी वहिनी येऊन त्यांच्यासमोर बसल्या आणि त्याही भरू लागल्या. "याडा माणूस शे हाऊ," त्या मला म्हणाल्या. मीही मनात तेच म्हणत होतो. शिवाय गल्लीतली ती पावलं मला आठवत होती.

यंदा चैत्रात एका सकाळी भिंतीवरून हाक आली. "सर!" मी सवयीने आतूनच ओरडलो, "तोडा, तोडा." तर पुन्हा हाक आली आणि आवाज वेगळा होता. "सर, या ना हो लवकर. ह्या बोलीच नही ऱ्हायनात."

मी फाटकातून धावत गेलो. आप्पा पेपरच्या जागेत, खुर्चीत मान टाकून बसले होते. पेपर मांडीवर. आणि पायाशी, त्याच रेघेच्या आत, चहाचा भरलेला कप. मला सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो एवढाच, की चहा? पेपरच्या जागेत? मग डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली, पण मला ते कपाकडे बघूनच कळलं होतं. वहिनीही कपाकडेच बघत होत्या. "आज चहा आठेच दे, म्हनेत," त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "तव्हयच माले समजाले पाहिजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं दारावर येऊ लागली. आसपासच्या गावांतली, ज्यांच्या बांधांचे वाद आप्पांनी मोजून मिटवले होते ती. आप्पांच्याही घरापुढे गल्लीच. लोक उन्हात उभे राहू लागले. मी आत जाऊन विचारलं, "वहिनी, माणसं कुठं बसवायची?"

"त्यासनी पेटी उघाडा," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "त्यासनं समदं लिखेल ऱ्हास."

पत्र्याच्या पेटीत टेपखाली परसाचा मूळ नकाशा होता. नवव्या चौकोनात बारीक, सुवाच्य अक्षर होतं. मी ते उभ्यानेच वाचलं.

"जागा क्रमांक नऊ. दारावर येणाऱ्यांसाठी. सकाळी आठ ते अकरा सावली. बसून चाळीस माणसे मावतात. सरांच्या घरच्या वेळी गल्लीत मोजून पाहिले आहे. पाण्याचा रांजण डाव्या हाताला. म्हाताऱ्या माणसांना निंबाकडील बाजू द्यावी. येथे मिरची वाळवू नये. डोळ्यांत पाणी आल्यास ते कशाचे, हे कळणार नाही. सरांकडेही अशी सोय नाही. त्यांच्या वेळी हीच जागा वापरावी. परवानगी विचारण्याची गरज नाही."

आप्पांनी दिलेला हा शेवटचा धक्का. मी कागद घडी घालून खिशात ठेवला, फाटक उघडलं आणि सतरंज्या अंथरल्या. माणसं आली, बसली. कुणालाही सरकून घ्यावं लागलं नाही. अकरा वाजता ऊन सतरंजीच्या काठाला लागलं, तेव्हा शेवटची माणसं उठत होती. माझी आत्याही आली होती. निंबाला टेकून बसली, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "किती गार शे रे आठे." मी मान हलवली. त्या मिरच्या, ती पावलं, माझा तो जुना खडा, यांतलं काहीच तिला सांगता येण्यासारखं नव्हतं. ज्याला सांगायला हवं होतं, त्याच्याशी मी तीन वर्षं अर्धाच हसलो होतो.

गंधमुक्ती झाली, पाहुणे गेले. जाताना जावई म्हणाले, सगळीकडे फरशी टाकून घेऊ, वर पत्रे घालू. वहिनींनी नुसतं त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि त्यांनी ते हळूच मागे घेतले. आठवड्याने भिंतीवरून हाक आली, "सर, दोन पानं तोडू का?" मी "तोडा" म्हटलं, पण ते त्यांना ऐकू गेलं नसावं, त्यांनी पुन्हा विचारलं.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी चहाला बोलावलं. उरलेल्या मिरच्या न्हाणीच्या कडेला तीन फुटी पट्टीत पसरलेल्या होत्या, एकावर एक, दाटीवाटीने. नववी जागा झाडून स्वच्छ, रिकामी. मी म्हटलं, "वहिनी, आता तिकडे पसरा की. कोण काय म्हणणार आहे?"

"नही," त्या म्हणाल्या. "तठे नही."

मी कप घेऊन समोरच्या दगडावर टेकलो. वहिनींनी किटली खाली ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "सर, ती पेपरनी जागा शे."

मी खाली पाहिलं. रेघेवर फक्की नव्याने टाकलेली होती. थोडी वाकडी, सवय नसलेल्या हाताची. मी कप उचलला आणि रेघ पुसणार नाही अशा बेताने चार पावलं पलीकडे गेलो.